ॲडजस्ट : कोण कुणाला म्हणालं

३ जून

प्रिय खारुताई,

पत्राचं कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'दादाला आज बरी बहीण आठवली' हा तुझा टोमणा वाया जाईल. काम आहे.

आमच्या कोशाचं तुला माहीतच आहे. मराठी बोलता बोलता आपण जे इंग्रजी शब्द सर्रास वापरतो, त्यांचा खिशात मावेल एवढा कोश. त्यातलं 'ए' अक्षर माझ्या गळ्यात पडलंय आणि सध्या 'ॲडजस्ट' या शब्दाशी माझी झटापट चालू आहे. आमच्या प्रमुख बाईंचा नियम असा, की उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही. ते कुणाच्या तरी तोंडून खरोखर ऐकलेलं पाहिजे, आणि खाली कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, हे लिहायचं. नाहीतर त्या नोंदीची चिठ्ठी परत. माझ्या समोरच्या टेबलावरच्या दीडशहाण्याने काल 'कृपया आपली खुर्ची ॲडजस्ट करा' असं वाक्य दिलं. असं कोण बोलतं गं कुणाशी? मी त्याला तसं तोंडावर विचारलं. तो म्हणाला, मी बोलतो. मग बाईंनी त्याला विचारलं, कुणाला बोलतोस, तर तो चिठ्ठी उचलून चहाला निघून गेला. माझं डोकं फिरतं ते अशा माणसांमुळे. भाषा ही काय घरबसल्या विणायची लोकर आहे?

तुझ्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर माणसांची ये-जा असते. तू कान उघडे ठेव आणि ॲडजस्टची वाक्यं मला लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस. फोनवर तू सांगतेस, मी हो हो म्हणतो आणि अर्धं विसरतो. शिवाय बाईंना कागद लागतो.

आई ठीक आहे. म्हणजे तब्येतीने ठीक. पण अलीकडे विसरायला लागलीय. जिन्यात भेटलेल्या शेजारणीला ओळखत नाही. परवा खिडकीतून पोस्टमन बाईंना हाका मारत होती, तू समजून. मी खालून येताना हात केला तर माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. वय झालं, दुसरं काय. माझ्या चिठ्ठ्या घरभर पसरल्यात, त्यावरून मात्र बोलायला विसरत नाही.

वाक्यं पाठव. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
दादा


१२ जून

प्रिय दादा,

टोमणा वाया गेलेला नाही, जपून ठेवलाय. पुढच्या वेळी दोन एकदम मारीन.

तुझी वाक्यं घे. 'मॅडम, दांडी कानामागे टोचते, जरा ॲडजस्ट करून द्या.' म्हणालं कोण, शाळेतल्या चित्रकलेचे निवृत्त सर. कुणाला, मला. दुसरं, 'चष्मा सारखा नाकावरून घसरतो, ॲडजस्ट होईल का?' बँकेतली कॅशियर, मला. तिसरं, 'फ्रेम हीच ठेवा, काच ॲडजस्ट करा.' हे म्हणणारे गृहस्थ दर वर्षी तीच फ्रेम घेऊन येतात, आणि फ्रेम आता त्यांच्यापेक्षा थकलीय.

तुझ्या बाईंना सांग, आमच्या धंद्यात हा शब्द फार सज्जन आहे. दांडी थोडी गरम करायची, हलक्या हाताने वाकवायची, पुन्हा डोळ्यांवर ठेवून बघायची. हे मी रोज करते. पण आजवर मी एकाही नाकाला ॲडजस्ट व्हायला सांगितलेलं नाही. वाकायचं ते चष्म्याने. नाक आहे तिथेच राहतं.

घरातली वाक्यं निराळी आहेत. तीही चालतील ना? 'पुढच्या खोलीत थोडी जागा करून देशील ना गं, ॲडजस्ट होईल तुला.' सासूबाई, मला. झालंय असं, की धाकट्या दिरांनी नोकरी सोडली आणि आता त्यांना प्रवासाच्या तिकिटांचं ऑफिस काढायचंय. रस्त्याकडे तोंड असलेली खोली घरात एकच, आणि त्यात लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी माझं दुकान मांडलेलं. तर मध्ये एक पार्टिशन टाकायचं, अर्धी त्यांना, अर्धी मला. मी यांना म्हटलं, अहो, मला डोळे तपासायला खोलीची लांबी लागते. अक्षरांचा तक्ता एका भिंतीला आणि माणूस दुसऱ्या भिंतीला, मध्ये वीस फूट. तेवढ्यासाठीच तर मी ती लांबोडकी, कुणालाच नको असलेली खोली मागून घेतली होती. त्यावर हे म्हणाले, 'अगं, काही महिन्यांचा प्रश्न आहे, तेवढं ॲडजस्ट कर.' नवरा, बायकोला. चिठ्ठी कर आणि लाव तुझ्या कोशात.

मी अजून हो म्हटलेलं नाही. पण नाही म्हटलेलंही कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. कालच सुतार येऊन दार किती रुंद आहे ते बघून गेला.

आईला सांग, पोस्टमन बाई माझ्यासारख्याच दिसत असतील तर बाई सुंदर असणार.

तुझी,
खार


१९ जून

प्रिय खारुताई,

तुझं पत्र वाचलं आणि माझा चहा गार झाला. पार्टिशन? तुझ्या खोलीत? तू ती खोली मागितलीस तेव्हा तिथे मोडकी कपाटं आणि उंदीर होते, मी स्वतः पाहिलंय. भिंतींना रंग तू लावलास, यंत्रं तू आणलीस, गिऱ्हाईक तू जोडलंस. आणि आता दिरांना रस्त्याकडचं तोंड हवं झालं. त्यांनी गच्चीवर ऑफिस काढावं. प्रवासाची हौस असलेला माणूस दोन जिने चढेल.

मी कोशवाला माणूस आहे, म्हणून माझा संताप शब्दांवर निघतो. हा 'ॲडजस्ट' काय चीज आहे बघ. मराठीत आपल्याकडे याच्या जागी डझनभर क्रियापदं आहेत, आणि प्रत्येकाला आपली जागा ठाऊक आहे. साखर कमी असली तर आपण भागवतो. चार वाईट दिवस आले तर निभावून नेतो. भाजी खारट झाली तर चालवून घेतो. लहान माणूस चुकलं तर मोठं माणूस त्याला सांभाळून घेतं. दोघांचं पटत नसेल तर दोघं जुळवून घेतात, आणि दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं तर ती तडजोड. भांडणात हरणारा नमतं घेतो. आणि राग गिळून जे करायचं ते खपवून घेणं. आता सांग, तुझ्या सासूबाईंना यातलं कोणतं म्हणायचं होतं? 'खपवून घेशील ना गं' असं म्हणायला जीभ रेटली असती का त्यांची? नाही. म्हणून हा इंग्रजी शब्द. याच्या पोटात सगळं मावतं आणि बाहेरून काही दिसत नाही. सोसायला एकीला सांगायचं आणि ऐकायला मात्र दोघांनी मिळून काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

बाईंना मी तुझी घरातली दोन्ही वाक्यं दाखवली. त्या म्हणाल्या, 'तुमच्या बहिणीला विचारा, या घरात हा शब्द कुणी सासऱ्यांना किंवा दिरांना उद्देशून बोललेला ऐकलाय का?' मी म्हटलं, उत्तर मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, तुम्हाला माहीत असून चालत नाही, ऐकलेलं पाहिजे. तर विचारून ठेवलं.

तू एक वीतभरसुद्धा जागा सोडू नकोस. माझी शपथ आहे. भाऊजींना सांग, गरज पडली तर मी येतो आणि त्यांच्याशी बोलतो. मी सौम्यपणे बोलेन, पण बोलेन. अन्याय झालेला मला दुरूनही सहन होत नाही, तुला माहीत आहे माझा स्वभाव.

आणखी वाक्यं पाठव. आई बरी आहे, जास्त बोलत नाही.

तुझा,
दादा


७ जुलै

प्रिय दादा,

वीतभर नाही, अर्धी खोली गेली. तुझी शपथ मोडली त्याला माझा इलाज नव्हता. मी एका शाळेत मुलांचे डोळे तपासायला गेले होते. परत आले तर पार्टिशन उभं. सुतार निघून गेलेला, भुसा माझ्या लेन्सच्या पेटीवर. सासूबाई म्हणाल्या, तू दमून येशील म्हणून तुझ्या मागे उरकून घेतलं. मला त्रास नको म्हणून माझ्या मागे, लक्षात घे.

मी त्या रात्री जेवले नाही. कुणी विचारलंही नाही, कारण सगळ्यांना कारण ठाऊक होतं.

आता गंमत ऐक. दुसऱ्या दिवशी हे दुकानात आले, खुर्चीत बसले आणि तक्त्याकडे बघून सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. गेली दोन वर्षं यांना वरच्या चार ओळींपुढे जाता येत नाही, आणि नवा नंबर काढू या म्हटलं की टाळतात. तर यांचा चेहरा असा फुलला. मला म्हणाले, 'बघ, खोली लहान झाल्याने उलट फायदाच झाला, मला सगळं दिसायला लागलं.' दादा, हा माणूस इंजिनियर आहे. तक्ता अर्ध्यावर आणला तर आंधळ्या कोशिंबिरीतला गडीसुद्धा वाचेल, हे मी समजावून सांगेपर्यंत त्यांनी ते सासूबाईंनाही सांगून टाकलं होतं. सासूबाई लगेच येऊन बसल्या. त्यांनाही सगळं दिसलं. घरभर आनंदीआनंद. मी एकटी कपाळाला हात लावून.

तेव्हापासून मी असं करते. पार्टिशनला मध्ये फट ठेवलीय जायला-यायला. गिऱ्हाइकाला दिरांच्या टेबलाशेजारी बसवते आणि फटीतून माझ्या भिंतीवरचा तक्ता वाचायला लावते. चित्रकलेचे सर चौथ्या ओळीवर आले की मध्ये एक तिकीटवाला येऊन उभा राहतो. सर म्हणतात, आता मला एक गृहस्थ दिसतायत, चौकटीचा शर्ट. दीर म्हणतात, वहिनी, माझं गिऱ्हाईक बिचकतं, तुम्ही जरा ॲडजस्ट करा ना. हे वाक्य घे. धाकटे दीर, वहिनीला.

यांनी सुचवलं, आरसा लावून लांबी दुप्पट करता येते ना. येते. मला शिकवलेलं आहे ते. उलट्या अक्षरांचा तक्ता आणायचा, समोर चांगला आरसा लावायचा, जमतं. पण मी का लावू आरसा? माझी खोली होती तशी सरळ चांगली होती. म्हणून निम्मे लोक मी परत पाठवते. खोटा नंबर काढून देण्यापेक्षा दुकान रिकामं परवडलं.

तुझ्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. मी कान देऊन ऐकलं. सासऱ्यांना कुणी तो शब्द म्हणालेलं नाही. दिरांनाही नाही. मांजराला एकदा म्हणाले, ते बाजूला झालं नाही.

खार


१५ जुलै

प्रिय खारुताई,

मी तुझं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. समोरचा दीडशहाणासुद्धा हळहळला. तुझ्या मागे पार्टिशन घालतात म्हणजे काय? तू त्या घरात राहतेस की पाहुणी आहेस? बाईमाणसाच्या कामाला हे लोक कामच समजत नाहीत, ती जागा त्यांना मोकळीच दिसते. कामाला बसलेली बाई दिसत नाही, तिच्या बाजूची मोकळी फरशी तेवढी दिसते. मी भाऊजींना एक पत्र लिहायला घेतलंय. दोन पानं झाली आहेत. 'विचारल्याशिवाय' हा शब्द त्यात सात वेळा आला, बाईंनी पाहिलं असतं तर चार कापले असते. मी एकही कापणार नाही. विचारल्याशिवाय कुणाच्या खोलीला हात लावायचा नसतो, एवढी साधी गोष्ट माणसाला का कळू नये?

तू खचू नकोस. तुझा भाऊ तुझ्या पाठीशी आहे.

आता एक घरगुती गोष्ट. कोश छापखान्यात द्यायची तारीख अलीकडे ओढलीय आणि माझ्या दोन खोल्यांत चिठ्ठ्यांनी कहर केलाय. आईच्या खोलीतली खाट हलवली तर तिथे लांब टेबल बसेल आणि सगळी अक्षरं ओळीने मांडता येतील. आणि खरं सांगायचं तर आईचं विसरणंही वाढलंय. मी दिवसभर बाहेर, तिच्यापाशी कुणी नाही. ती तुझ्याकडे चार-सहा महिने राहिली तर बरं होईल. शेजारची मुलगी रविवारी तुमच्याच गावाला यायला निघालीय, तिच्या सोबतीने आईला पाठवतो. तुझ्या उत्तराची वाट बघितली असती, पण अशी चांगली सोबत पुन्हा मिळायची नाही. तुझी तपासणी तशीही निम्मी बंदच आहे, तर तुझ्या अर्ध्या खोलीत पडदा लावून आईची खाट सहज बसेल. थोडं ॲडजस्ट कर. तुला जमतं ते, तू पहिल्यापासूनच समजूतदार.

भाऊजींचं पत्र पुरं झालं की तुला नक्कल पाठवतो.

तुझा,
दादा


१० ऑगस्ट

दादा,

उत्तराला उशीर झाला कारण आधी चिडले होते, मग कामात होते, आणि मग पुन्हा चिडले.

आई रविवारी दुपारी आली आणि तुझं पत्र सोमवारी आलं. दार उघडलं तर पायरीवर आई, हातात कपड्यांची पिशवी. मला म्हणाली, तुला कळवलंय ना त्याने. मी म्हटलं, हो. आयुष्यात पहिल्यांदा मी आईशी इतकं सराईत खोटं बोलले.

खाट पडद्याआड बसली. सहज नाही, माझं फ्रेमचं कपाट बाहेर काढावं लागलं. पहिल्याच दिवशी मी तिचे डोळे तपासले. खुर्ची भिंतीला लावून बसवलं आणि तिने सगळ्या ओळी वाचल्या. मला बरं वाटलं. तुला फोन करून तसं सांगितलंही, आठवत असेल. तू म्हणालास, मग वयाचंच आहे.

पुढे काही दिवसांनी आई दारात उभी होती. दीर रस्त्यापलीकडून येत होते तर आई त्यांना म्हणाली, जावईबापू, आज लवकर आलात. सगळे हसले. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, विसरतात गं त्या फार. मी पण मान हलवली. मग काय मनात आलं कोण जाणे, मी आईला विचारलं, तुला त्यांचा चेहरा दिसला का. ती म्हणाली, 'चेहरे कुठले दिसतात गं आता? शर्ट दिसतो. आकाशी शर्ट म्हणजे जावई, असं मी धरून चालते.'

त्या दिवशी दिरांनी यांचा शर्ट घातला होता.

दादा, मी डोळे तपासते. हे माझं काम आहे. आणि माझ्या आईला मी दहा फुटांवर तक्ता ठेवून डोळे उत्तम म्हणून सांगितलं. इतरांना परत पाठवत होते, आणि घरचं माणूस म्हणून तिला मात्र त्या अर्ध्या खोलीत बसवलं. माझा मलाच संताप आला. मग मी स्क्रूड्रायव्हर शोधला. माझा चष्म्याचा इवलासा, तो काय कामाचा. दिरांच्या खणातला मोठा घेतला आणि पार्टिशनचे स्क्रू काढायला लागले. दिरांपुढे गिऱ्हाईक बसलेलं होतं. सासूबाई धावत आल्या, अगं थोडं सांभाळून घ्यायचं असतं. मी म्हटलं, 'इतके दिवस मी सरकले. आता पार्टिशन सरकेल.' ओरडले नाही. पण गिऱ्हाईक उठून गेलं.

हे आतून आले. मला वाटलं आता भांडण. ते पुढे झाले आणि फळी पडू नये म्हणून दुसऱ्या बाजूने धरून उभे राहिले. फळी खाली ठेवली, खुर्चीत जाऊन बसले आणि तक्ता वाचायला लागले. चौथ्या ओळीवर अडकले. म्हणाले, काढ बाई नंबर.

आईला तिच्या जागी, मागच्या भिंतीला, पूर्ण वीस फुटांवर बसवलं. दुसऱ्या ओळीवर थांबली. दोन्ही डोळ्यांचा नंबर भलताच वाढलाय. ती काहीही विसरत नव्हती. शेजारीण तिला ओळखू येत नव्हती, पोस्टमन बाई ओळखू येत नव्हत्या, आणि खालून हात करणारा तूसुद्धा. तिला तू एक शर्ट दिसत होतास. तू तिच्याबरोबर एका घरात राहून तिला वेड लागत चाललंय असं ठरवलंस, आणि तिला एकदाही विचारलं नाहीस की आई, तुला काय दिसतं.

आता तुझ्या कोशासाठी एक वाक्य. ऐकलेलं नाही, लिहिलेलं आहे, पण तुझ्या बाईंना कागद लागतो ना, कागद माझ्याजवळ आहे. 'आईची खाट सहज बसेल. थोडं ॲडजस्ट कर.' कोण म्हणालं : थोरला सख्खा भाऊ. कुणाला : धाकट्या बहिणीला. कधी : तिच्या खोलीवर झालेल्या अन्यायाबद्दल एक पानभर संतापून झाल्यावर, त्याच पत्रात.

सासूबाईंचा मला राग आला होता, पण त्यांनी मला आधी 'मी तुझ्या पाठीशी आहे' असं सांगितलं नव्हतं. दिरांनी माझी खोली घेतली ती माझी बाजू घेऊन घेतली नव्हती. तू दोन्ही केलंस. विचारल्याशिवाय हा शब्द सात वेळा लिहिणाऱ्या माणसाने आपल्या आईची खाट तिला न विचारता हलवली आणि माझ्या खोलीत मला न विचारता ठेवली. भाऊजींच्या पत्राची नक्कल मला नको. मूळ पत्र तुझ्याजवळच ठेव आणि वर तुझं नाव घाल.

खार


१८ ऑगस्ट

प्रिय खार,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुला एक उत्तर लिहिलं. त्यात माझ्या अडचणी होत्या, कोशाची तारीख होती, आणि 'तू गैरसमज करून घेतलास' असं दोनदा होतं. ते फाडलं. दुसरं लिहिलं, त्यात मी इतकी माफी मागितली होती की शेवटी तूच माझं सांत्वन करायला बसली असतीस. तेही फाडलं.

वाक्याची चिठ्ठी केली. तू लिहिलंस तसंच, कोण, कुणाला, कधी. बाईंनी वाचली आणि विचारलं, हा भाऊ कोण, तुमच्या ओळखीचा आहे का? मी म्हटलं, मीच. त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, वाक्य चांगलं आहे, नोंदीत घेऊ. त्यांनी ते सगळ्यात वर लावलं. दीडशहाण्याने मला चहा आणून दिला, आणि मला त्याचा भयंकर राग आला, कारण तो त्याने खरंच वाईट वाटून आणला होता.

लांब टेबल मी बाहेरच्या खोलीत ओढलंय. आता मी स्वयंपाकघरात झोपतो. आईची खाट होती तिथे परत ठेवली, खिडकीशी. आईला घ्यायला मी कधी येऊ? तुला सोयीचं असेल तेव्हा सांग. दोघींना विचारतोय.

भाऊजींना नमस्कार. त्यांनी फळी धरली हे वाचून मी त्यांना लिहिलेलं ते पत्रही फाडलं.

दादा


२ सप्टेंबर

चि. दादास,

अनेक आशीर्वाद.

नवा चष्मा आला. बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिते आहे. खारीने दांडी तीनदा वाकवून दिली, आता टोचत नाही. तिच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोकळं आहे. तिचे दीर गच्चीवर गेले. तिथे वारा चांगला येतो असं ते सगळ्यांना सांगतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

दिसायला लागल्यावर पहिलं काम केलं ते तुझी इथे आलेली सगळी पत्रं वाचून काढली. खारीने नको म्हटलं, मी ऐकलं नाही. तुझं अक्षर पूर्वीसारखंच आहे, चिडलास की उजवीकडे झुकतं. माझ्याबद्दल लिहिलेलं वाचलं. आई विसरते. आई जास्त बोलत नाही. आईचं वय झालं. मी विसरत नव्हते. चंद्र अर्धा की पूर्ण इतकंही बघून कळेना, तेव्हा मी तुला सांगितलं होतं, मला लांबचं धूसर दिसतं. तू चिठ्ठी लिहीत होतास. मान वर न करता म्हणालास, होईल गं ॲडजस्ट. कोण कुणाला म्हणालं ते तू लिहून ठेवलं नाहीस, मी ठेवलं आहे. म्हणून मी जास्त बोलत नव्हते.

रडत बसू नकोस. आणि स्वयंपाकघरात झोपून मला काही दाखवायची गरज नाही, तिथे ओल असते, पाठ धरेल.

मी परत कधी येणार ते तू खारीला विचारलंस, आणि खार म्हणाली आईचं आई ठरवेल, पण राहिली तर मला आवडेल. तुला काय आवडेल ते तू नीट लिहिलं नाहीस. ते लिही. मग मी ठरवीन. मला दोन्ही घरं आवडतात आणि दोन्ही घरांचा थोडा थोडा राग आलेला आहे. तो उतरायला वेळ लागेल. मला घाई नाही, मी सध्या दारात बसून माणसांचे चेहरे बघते आहे.

ठरलं की कळवीन. तोवर इथे किंवा तिथे, माझी खाट कुणी हलवायची नाही.

आई